न्गुयेन: दर तिसऱ्या व्हिएतनामी माणसाचं आडनाव एकच कसं?

प्रश्न असा आहे: व्हिएतनाममध्ये जो भेटेल तो ‘न्गुयेन’च कसा? या आडनावाचा अर्थ काय, हे सगळे एकमेकांचे भाऊबंद का, आणि हा शब्द म्हणायचा तरी कसा?

भाऊबंदकीचं आधी उरकतो: नाहीत. बहुतेक न्गुयेन घराण्यांचा एकमेकांशी रक्ताचा काही संबंध नाही. आडनाव एवढं पसरलं ते राजघराणी बदलत गेली म्हणून, आणि प्रत्येक बदलानंतर हरलेल्यांना दुसरं नाव लावावं लागलं म्हणून. वंश वाढल्याने ते पसरलं असं म्हणणं अर्धंच खरं आहे.

आकडा केवढा ते पाहा. व्हिएतनामची लोकसंख्या २०२३ मध्ये १० कोटींवर गेली. त्यात न्गुयेन किती, याचं उत्तर मोजणी कशी केली यावर थोडं बदलतं. ३१ टक्क्यांपासून ३९ टक्क्यांपर्यंतचे आकडे सापडतात, आणि सगळीकडे दिला जातो तो ३८ टक्क्यांचा. म्हणजे तीन ते चार कोटी माणसं. दुसऱ्या क्रमांकावरचं त्रान ११ टक्क्यांच्या आसपास, तिसरं ले ९ टक्क्यांच्या आसपास. मग फाम, होआंग, फान, वू, दांग, बुई, दो, हो, न्गो, जुओंग, ली. या १४ आडनावांत देशातले जवळपास ९० टक्के लोक संपतात. आपल्याकडे पाटील, जाधव, पवार गावोगावी भेटतात. पण एकाच भावकीचं गाव सोडलं, तर वर्गातल्या एकतृतीयांश मुलांचं आडनाव एकच, असं सहसा होत नाही. तिथे ती रोजची गोष्ट आहे.

आता अर्थ. कुलकर्णी, देशमुख, सुतार यांत हुद्दा किंवा धंदा दिसतो, ‘-कर’ लावलं की गाव दिसतं. न्गुयेनमध्ये असं काहीच दिसत नाही. हे मूळ चिनी आडनाव. तेच अक्षर मँडरिनमध्ये ‘रुआन’ आणि कँटोनीजमध्ये ‘युन’ असं वाचतात. चिनी परंपरेप्रमाणे रुआन हे आजच्या गान्सू प्रांतातल्या एका लहानशा प्राचीन राज्याचं नाव होतं. राज्य बुडालं, लोकांनी त्याचं नाव आडनाव म्हणून धरलं. याच अक्षराचा दुसरा अर्थ शब्दकोशात सापडतो: गोल पेटीचं, लांब दांड्याचं एक तंतुवाद्य. त्यावरून ‘न्गुयेन म्हणजे वीणा’ असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. पण तिथे क्रम उलटा आहे. तिसऱ्या शतकात रुआन श्यान नावाचा विद्वान हे वाद्य वाजवण्यात निष्णात होता, आणि पुढे वाद्यालाच त्याचं नाव पडलं. म्हणजे माणसाच्या आडनावावरून वाद्य, वाद्यावरून आडनाव नव्हे. आज व्हिएतनामी माणसाला विचाराल तर तो सांगेल की याचा अर्थ काही नाही, ते आडनाव आहे. माझ्या मते हेच सगळ्यात बरोबर उत्तर.

दुसरी चूक याहून जास्त पसरलेली आहे: ‘न्गुयेन म्हणजे मूळ, पहिला’. हा अर्थ ‘न्गुएन’ या वेगळ्या शब्दाचा आहे. व्हिएतनामीत आवाजाचा चढउतार, म्हणजे सूर, बदलला की शब्द बदलतो. इथे सूर सपाट, अक्षर वेगळं, शब्दच वेगळा. फ्रेंचांना १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथे हरवणारे सेनापती व्हो न्गुएन झाप यांच्या नावात तो येतो. व्हिएतनामी आता लॅटिन लिपीत लिहितात, तिच्यातल्या खुणा गाळल्या की दोन्ही शब्द सारखे दिसतात, आणि मग झापसाहेबही कुणाकुणाच्या यादीत न्गुयेन होऊन बसतात. त्यांचं आडनाव व्हो.

हे आडनाव व्हिएतनाममध्ये आलं कधी? इसवी सनापूर्वी १११ पासून इसवी सन ९३८ पर्यंत, मधली काही बंडं वगळता, उत्तर व्हिएतनामवर चिनी सत्ता होती. करवसुलीसाठी माणसांची नोंद हवी, नोंदीसाठी आडनाव हवं. त्या काळात चिनी पद्धतीची आडनावं रुजली. काही घराणी उत्तरेकडून आली, काहींनी इथेच नावं घेतली. दहाव्या शतकात देशाची वाटणी करून बसलेले १२ सरदार इतिहासात प्रसिद्ध आहेत, त्यातले तिघे न्गुयेन होते: न्गुयेन खोआन, न्गुयेन सिएउ आणि न्गुयेन थू तिएप. या सरदारांना मोडून काढणाऱ्या दिन्ह बो लिन्हच्या उजव्या हाताचा माणूसही न्गुयेनच, न्गुयेन बाक. पुढच्या न्गुयेन राजघराण्याने त्यालाच आपला मूळपुरुष मानलं. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘१२३२ मध्ये सक्ती झाली आणि सगळे न्गुयेन झाले’ एवढ्यावर गोष्ट आटोपली जाते. १२३२ च्या कितीतरी आधी हे नाव तिथे चांगलं रुळलेलं होतं.

तरीही १२३२ महत्त्वाचं आहेच. १००९ पासून राज्य करणाऱ्या ली घराण्याची सत्ता १२२५ मध्ये त्रान घराण्याकडे गेली, तीही लढाईशिवाय. गादीवर बसलेल्या लहान मुलीचं लग्न त्रान कुळातल्या मुलाशी लावलं आणि तिने गादी नवऱ्याच्या हवाली केली. या सगळ्यामागचा माणूस त्रान थू दो. १२३२ मध्ये ली कुळातल्या लोकांनी आडनाव बदलून न्गुयेन लावावं, असा हुकूम निघाला. कारण दाखवलं ते नाव-निषेधाचं: नव्या राजाच्या आजोबांचं नाव त्रान ली, म्हणून ‘ली’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणारी पिढी आपल्याकडेही होती. तिथे तीच रीत राजाच्या पूर्वजांसाठी होती आणि मोडली तर शिक्षा होती. खरं कारण उघड आहे. जुन्या राजघराण्याचं नाव कुणाच्या तोंडी राहू नये. ली कुळातला एक राजपुत्र, ली लोंग तुओंग, या धामधुमीत समुद्रमार्गे कोरियाला गेला. त्याच्या वंशजांचं ह्वासान ली कूळ कोरियात आजही ‘ली’ लावतं.

पुढच्या साडेपाचशेहून जास्त वर्षांत हाच प्रकार पुनःपुन्हा झाला, फक्त हुकमाची जागा भीतीने घेतली. १४०० मध्ये हो क्वी ली याने त्रान घराण्याकडून गादी हिसकावली, विरोधकांना मारलं. १४०७ मध्ये मिंग चिनी फौजांनी त्याचं राज्य संपवलं, तेव्हा हो कुळातल्या अनेकांनी सूड टाळण्यासाठी न्गुयेन लावलं. १५९२ मध्ये माक घराण्याची राजधानी पडली, तेव्हाही तेच. १८०२ मध्ये न्गुयेन घराणं स्वतःच गादीवर आलं आणि त्यांच्या जुन्या शत्रूंपैकी, म्हणजे त्रिन्ह कुळातल्या काहींनी, आपलं आडनाव टाकलं. इथे एक सावधगिरी हवी. १२३२ चा हुकूम इतिवृत्तात आहे. नंतरच्या बदलांची माहिती मुख्यतः घराण्यांच्या वंशावळींतून येते. ‘झा फा’ म्हणतात या वंशावळींना. त्यांत ‘आमचा मूळपुरुष माक होता, अमुक पिढीत न्गुयेन झाला’ अशा नोंदी सापडतात. अशा किती माणसांनी नाव बदललं याची शिरगणती कुणी केलेली नाही, त्यामुळे कुणी नेमका आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका.

न्गुयेनच का लावलं? लपायचं असेल तर गर्दीत लपावं. आधीच सर्वत्र असलेलं आडनाव घेतलं की चौकशी होत नाही. जितके लोक त्यात शिरले तितकं ते अधिक सुरक्षित झालं, आणि पुढच्या पळणाऱ्यालाही तेच सोयीचं वाटलं.

भीतीच्या जोडीला बक्षीसही होतं. राजा खूश झाला की स्वतःचं आडनाव बहाल करायचा. याला ‘क्वोक तिन्ह’, म्हणजे राजनाम, म्हणत. पंधराव्या शतकात ले लोईने मिंग फौजा हाकलल्यावर आपल्या साथीदारांना ‘ले’ हे नाव दिलं, त्यात त्याचा प्रसिद्ध सल्लागार न्गुयेन त्राईही होता. म्हणजे वारं उलटही वाहत होतं. १८०२ ते १९४५ हा न्गुयेन राजांचा काळ, तेव्हा बक्षीस म्हणून मिळणारं नाव न्गुयेन झालं. त्याआधीची गंमत अशी की १७७१ मध्ये ज्या ताय सोन भावांनी दक्षिणेतल्या न्गुयेन सरदारांविरुद्ध उठाव केला, ते मूळचे हो आणि लावत होते न्गुयेन. पुढची तीस वर्षं एक न्गुयेन दुसऱ्या न्गुयेनशी लढत होता, आणि दोघांचं नातं काहीच नव्हतं.

या सगळ्या घटना जमेस धरूनही ३८ टक्के होत नाहीत, असं मला वाटतं. उरलेलं काम साध्या गणिताने केलं. आडनाव बापाकडून मिळतं. ज्या घरात फक्त मुली, तिथे ते थांबतं. लहान आडनावं दर पिढीत अशी गळत जातात, मोठी टिकतात. नवी आडनावं तयार होण्याची सोय त्या समाजात जवळजवळ नव्हती; गावावरून किंवा धंद्यावरून आडनाव पाडायची रीतच नाही. आपल्याकडे वाईचा माणूस पुण्यात आला की वाईकर होऊ शकला. तिथला माणूस कुठेही गेला तरी न्गुयेनच राहिला. हजार वर्षं असं चाललं की मोजकीच नावं उरणार.

राजघराण्यातले लोक मात्र साधे ‘न्गुयेन’ नाहीत, ते ‘न्गुयेन फुक’. शेवटचा बादशहा बाओ दाई याचं खरं नाव न्गुयेन फुक विन्ह थुई. यातलं ‘विन्ह’ हे पिढीचं चिन्ह आहे. १८२३ मध्ये बादशहा मिन्ह मांगने २० अक्षरांची एक कविता ठरवून दिली, आणि प्रत्येक पिढीने क्रमाने त्यातलं पुढचं अक्षर नावात घ्यायचं असा नियम केला: मिएन, हुओंग, उंग, बुउ, विन्ह, बाओ, असं पुढे. त्यामुळे ‘बुउ’ आणि ‘विन्ह’ ऐकलं की जाणकाराला बाप-मुलाच्या पिढ्या कळतात. बाओ दाईचे वडील बुउ दाओ, मुलगा बाओ लोंग. राजवंशाच्या बाजूच्या शाखांतले पुरुष ‘तोन थात’ आणि स्त्रिया ‘तोन नू’ लावत. जुन्या राजधानीच्या हुए शहराकडचा कुणी ‘तोन थात अमुक’ भेटला, तर तो कागदावर न्गुयेन दिसत नाही, पण खरा राजघराण्यातला न्गुयेन बहुधा तोच. उलट ज्या कोट्यवधींच्या कागदावर न्गुयेन आहे, त्यांतल्या बहुतेकांचा राजाशी संबंध नाही.

न्गुयेन आणि न्गुयेन यांचं लग्न होतं का? होतं, सर्रास. कायदा आडनाव पाहत नाही. २०१४ चा विवाह व कुटुंब कायदा तीन पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्नाला मनाई करतो. सगोत्राचा विचार करणाऱ्या मराठी माणसाला हे चमकवतं. पण तीन-चार कोटी लोकांना एकमेकांत लग्नबंदी घातली तर देश कसा चालणार! लग्नानंतर बायको आडनाव बदलत नाही. म्हणून नवरा-बायको दोघे न्गुयेन असतील, तर ती माहेरचीच न्गुयेन आहे असं समजावं.

इथून पुढे व्यवहाराचं. नावाचा क्रम आपल्या उलट: आधी आडनाव, मग मधलं नाव, शेवटी स्वतःचं नाव. ‘न्गुयेन थी होआ’ यात होआ हे तिचं नाव. ‘थी’ हे स्त्रीचं नाव असल्याची जुनी खूण, पुरुषांत त्या जागी ‘वान’ यायचं. नव्या पिढीत दोन्ही मागे पडलीत, आई-वडील मधलं नावही हौसेने निवडतात. ‘थी’ किंवा ‘वान’ हे आडनाव नाही.

हाक नेहमी शेवटच्या नावाने, अगदी औपचारिक प्रसंगीही. ‘मिस्टर न्गुयेन’ म्हणून बैठकीत हाक मारली तर पाच जण वळून बघतील. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गुयेन वान थिएउ जगभरच्या वर्तमानपत्रांत ‘थिएउ’ होते, उपाध्यक्ष न्गुयेन काओ की ‘की’ होते, आणि व्हिएतनाम युद्धाबाबतच्या १९७३ च्या पॅरिस करारावर समोरच्या, म्हणजे कम्युनिस्ट बाजूने सही करणाऱ्या न्गुयेन थी बिन्ह या ‘मादाम बिन्ह’. आडनावाने लिहिलं असतं तर त्या युद्धाची बातमी कुणालाच कळली नसती. हो ची मिन्ह हा ठळक अपवाद, लोक त्यांना ‘बाक हो’ म्हणतात. बाक म्हणजे वडिलांचा मोठा भाऊ. आणि तेही जन्माने न्गुयेन: न्गुयेन सिन्ह कुंग. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेकडे गेलेल्या मागणीपत्रावर नाव होतं न्गुयेन आई क्वोक, म्हणजे ‘देशप्रेमी न्गुयेन’. पुढे अनेक वर्षं ते याच नावाने ओळखले गेले.

नुसतं नाव घेणं उद्धट वाटतं, त्याआधी नातं लावायचं. आपण जसं रिक्षावाल्याला दादा, भाजीवालीला ताई किंवा मावशी म्हणतो, तसंच. समोरचा आपल्यापेक्षा थोडा मोठा पुरुष असेल तर ‘आन्ह मिन्ह’, बाई असेल तर ‘ची होआ’, वयाने किंवा मानाने बराच मोठा असेल तर ‘ओंग’ आणि ‘बा’. मुंबईहून हो ची मिन्ह शहराला आता थेट विमानं जातात, तिकडे जाणाऱ्यांनी एवढी चार संबोधनं पाठ केली तरी पुरे.

फॉर्म भरताना गोंधळ ठरलेला. आपल्या फॉर्मवर ‘पहिलं नाव’ असा रकाना असतो आणि व्हिएतनामी माणूस तिथे न्गुयेन लिहितो, कारण त्याच्या नावात पहिलं तेच येतं. मग हॉटेलच्या नोंदीत एक क्रम, तिकिटावर दुसरा. उपाय सोपा आहे: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातल्या वरच्या ओळीत देशाच्या ‘व्हीएनएम’ या तीन अक्षरांना चिकटून आडनाव येतं, त्यानंतर दोन कोनी चिन्हं, मग मधलं आणि स्वतःचं नाव. त्या दोन चिन्हांच्या आधीचं ते आडनाव. शंका आली की तिथेच पाहा. आणि यादी लावताना आडनावानुसार लावू नका, ‘एन’ अक्षराखाली निम्मी यादी जमा होते. व्हिएतनाममधले लोक स्वतः विद्यार्थ्यांची यादी शेवटच्या नावाने लावतात, प्रबंधाच्या संदर्भसूचीत व्हिएतनामी लेखकही तसेच लावतात.

संगणकावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खाच. या आडनावातल्या ‘ई’ अक्षरावर दोन खुणा असतात: टोपी आणि तिच्यावर लाटेसारखी रेघ. हे अक्षर युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठवता येतं: दोन्ही खुणांसह एकसंध, टोपीचं ई आणि रेघ सुटी, किंवा तिन्ही सुटं. दिसायला तिन्ही एकच, पण आडनाव अनुक्रमे ६, ७ किंवा ८ संकेतांचं होतं आणि शोधात एक दुसऱ्याशी जुळत नाही. साठवण्यापूर्वी सगळी नावं एकसंध रूपात आणा, आणि शोधासाठी खुणा काढलेली प्रत वेगळ्या रकान्यात ठेवा. फक्त खुणा काढलेलीच प्रत ठेवली तर न्गुयेन आणि न्गुएन यांतला फरक कायमचा जातो. टंकायचं असेल तर टेलेक्स पद्धतीत एन, जी, यू, वाय, ई, ई, एक्स, एन: दुसऱ्या ई ने टोपी येते, एक्सने लाट.

देशाबाहेर हे आडनाव मुख्यतः ३० एप्रिल १९७५ ला सायगॉन, म्हणजे आजचं हो ची मिन्ह शहर, पडल्यानंतर गेलं. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत ४,३७,६४५ लोकांसह ते ३८ व्या क्रमांकावर होतं. चेकियात मात्र ते समाजवादी काळातल्या कामगार करारांतून पोचलं, आणि तिथल्या पद्धतीनुसार स्त्रियांच्या आडनावाला शेपूट लागून कधीकधी ‘न्गुयेनोव्हा’ही होतं.

आता उच्चार, आणि इथे मराठी माणसाला इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा फायदा आहे. हा शब्द एकाच अक्षरावयवाचा आहे, ‘न-गु-येन’ असे तीन तुकडे चूक. सुरुवातीचा ध्वनी आपला ‘ङ’. ‘वाङ्मय’ नीट म्हटलं की तो तोंडात येतोच. अडचण एवढीच की मराठीत कुठलाच शब्द त्याने सुरू होत नाही. ‘रंग’ म्हणा, शेवटचा ‘ग’ सुटण्याआधी थांबा, नाकातला ध्वनी धरून ठेवा आणि तिथूनच ओठ गोल करून ‘विएन’ जोडा: ङ्विएन. आता ‘रं’ मनात म्हणा आणि फक्त ‘ङ्विएन’ बाहेर काढा. वर्तमानपत्रात ‘न्गुयेन’ छापतात म्हणून मीही तसंच लिहिलं आहे, पण तो उच्चार नव्हे.

राहिला सूर. हनोईकडे आवाज वर चढताना मध्ये क्षणभर घशात अडकतो आणि मग उडी मारून आणखी वर जातो. दक्षिणेत तो अडकत नाही, खाली झुकून वर येतो. सूर सपाट ठेवला तर ‘मूळ’ होतं, हळू खाली सोडला तर ‘शाप देणे’, आणि खाली पाडून तोडला तर ‘नवस, प्रार्थना’. आडनाव म्हणून बोलताना चुकलं तरी लोक संदर्भाने समजून घेतात, रागावत नाहीत. दक्षिणेत शेवटचा ‘न’ही ‘ङ’कडे झुकतो आणि भरभर बोलताना सुरुवातीचा ‘ङ’ गळतो. तेव्हा हो ची मिन्ह शहरात कुणी स्वतःची ओळख ‘विएंग’सारखी काहीतरी करून दिली आणि कार्डावर न्गुयेन लिहिलेलं असलं, तर कार्ड बरोबर आहे.